प्राध्यापकांचा बर्नआउट: मन कमकुवत की काम बेहिशेबी?

थोडक्यात

- बर्नआउट म्हणजे आळस नव्हे आणि नाजूकपणाही नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने येणारी ही अवस्था आहे.
- भावनिक बुद्धिमत्ता आणि मानसिक उभारी या शिकता येण्याजोग्या गोष्टी आहेत. त्यांची मदत होते, पण रिकाम्या जागा आणि वाढलेले काम त्यांच्या जोरावर भरून निघत नाही.
- बर्नआउट, नैराश्य आणि थायरॉइड किंवा रक्तक्षयासारखे शारीरिक आजार वरवर सारखेच दिसतात. त्यामुळे घरच्या घरी निदान करू नका.
- मदतीसाठी टेली-मानस हेल्पलाइन: १४४१६ (मोफत, २४ तास, मराठीतही).

"तुम्हाला काय, दोन महिने सुट्टी!"

महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेले असते, शेजाऱ्याकडून, नातेवाइकाकडून, कधी घरातूनच. आणि तपासणीसाठी आलेले प्राध्यापक बऱ्याचदा तेच वाक्य स्वतःवर उलटवतात: "डॉक्टर, मला थकायचा काय हक्क आहे? चार तर तास घेते मी."

त्यांच्या तक्रारी मात्र ठरलेल्या असतात. खाली दिलेले चित्र कुणा एका व्यक्तीचे नाही. अनेकांच्या तक्रारींतून ते जुळवले आहे. पस्तिशी-चाळिशीतल्या मॅडम. घर बदलापूरला, कॉलेज उल्हासनगरला. घसा सतत बसलेला. ॲसिडिटी जात नाही. रविवारी संध्याकाळी डोके दुखायला लागते. रात्री दीडला जाग येते आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काय विचारले असेल हे आठवत राहते. पूर्वी वर्गात शिरल्यावर मन हलके व्हायचे, आता विद्यार्थ्याने शंका विचारली तरी चीड येते. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट त्या शेवटी सांगतात: "मी चांगली शिक्षिका होते. आता नाही राहिले."

याला बर्नआउट म्हणतात का? म्हणत असलो, तर उपाय कोणी करायचा, मॅडमनी, घरच्यांनी की कॉलेजने? गेल्या काही वर्षांत कॉलेजांमध्ये 'भावनिक बुद्धिमत्ता' आणि 'रेझिलिअन्स' या विषयांवर कार्यशाळांची लाट आली आहे. त्यांचा उपयोग किती आणि मर्यादा कुठे, हे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या पट्ट्यातील परिस्थिती समोर ठेवून समजून घेऊ.

बर्नआउट म्हणजे नेमके काय?

हा शब्द १९७४ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी वैद्यकीय लेखनात आणला. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी तो मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. त्यात तीन खुणा आहेत:

१. शक्ती संपल्यासारखे वाटणे. झोप झाली, सुट्टी झाली, तरी बॅटरी भरत नाही.

२. कामापासून मन तुटणे. विद्यार्थी 'रोल नंबर' वाटू लागतात. बोलण्यात कडवटपणा किंवा कोरडेपणा येतो.

३. आपण निरुपयोगी झालो असे वाटणे. काम होते, पण 'जमले' असे वाटत नाही.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. संघटनेने बर्नआउटला 'आजार' म्हटलेले नाही, 'कामाशी निगडित अवस्था' म्हटले आहे. कारण त्याचे मूळ कामाच्या रचनेत आहे. म्हणूनच फक्त माणसावर उपचार करून हा प्रश्न पुरता सुटत नाही.

आपल्या पट्ट्यात हे ओझे कुठून येते?

मॅस्लॅक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी बर्नआउट निर्माण करणाऱ्या सहा जागा सांगितल्या आहेत: कामाचा भार, कामावरचे नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांची साथ, न्याय आणि मूल्ये. या सहा जागा आपल्याकडच्या प्राध्यापकांच्या आयुष्यात शोधायला फार लांब जावे लागत नाही.

*भार.* विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकांनी १४ तास प्रत्यक्ष शिकवावे आणि एकूण कामाचा आठवडा ४० तासांचा असावा, अशी अपेक्षा आहे. हे गणित सर्व पदे भरलेली आहेत असे धरून केलेले आहे. महाराष्ट्रात ती भरलेली नाहीत. रिक्त पदांचा प्रश्न हा २०१८ च्या प्राध्यापकांच्या राज्यव्यापी संपातील प्रमुख मुद्दा होता. त्यानंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने ३५८० पदे भरण्यास मान्यता दिली. ती रिक्त पदांच्या ४० टक्के होती, म्हणजे मान्यतेतच निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या राहणार होत्या. त्यातही पहिल्या टप्प्यात १४९२ पदे भरली गेली, मग कोविडमुळे भरती थांबली आणि उरलेल्या २०८८ पदांचा प्रश्न पुढे गेला.

रिकाम्या पदाचे काम नाहीसे होत नाही. ते शेजारच्या टेबलावर जाते. एक साधा हिशेब करून पाहा. एका उत्तरपत्रिकेला आठ मिनिटे धरली, तर ४०० उत्तरपत्रिकांना ५३ तास लागतात. विभागात चारऐवजी दोनच शिक्षक असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ८०० उत्तरपत्रिका, म्हणजे १०६ तास. कामाच्या ४० तासांच्या आठवड्याच्या हिशेबाने हे अडीच आठवडे झाले, आणि तास, प्रवेश, नॅकची फाइल, निवडणुकीची ड्युटी हे सगळे वेगळेच.

*नियंत्रण.* कामाचे प्रमाण एक वेळ झेपते, पण 'कधी, कसे करायचे' यावर काहीच ताबा नसेल तर माणूस लवकर खचतो. याचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण म्हणजे २०१७. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उत्तरपत्रिकांची ऑनलाइन तपासणी एकदम सर्व विद्याशाखांना लागू केली. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायच्या होत्या. पुरेशी तयारी नव्हती, यंत्रणा वारंवार अडखळत होती. निकाल कायद्याने ४५ दिवसांच्या आत लागायला हवेत. ते लांबत गेल्यावर राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली. जुलैत तास बाजूला ठेवून प्राध्यापकांना तपासणी केंद्रांवर बसवण्यात आले. मुदत तरीही पाळली गेली नाही, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

त्या उन्हाळ्याची आठवण विद्यार्थ्यांना 'निकालाचा गोंधळ' म्हणून आहे, आणि ती रास्त आहे. अनेकांचे पुढचे प्रवेश अडकले. पण तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहा. निर्णय ज्यांनी घेतला नव्हता, त्यांच्या हातात माउस होता आणि पालकांचे फोनही त्यांनाच येत होते. जबाबदारी आपली, अधिकार मात्र दुसऱ्याचा, ही बर्नआउटची अगदी पाठ्यपुस्तकी मांडणी आहे.

आज तीच भावना वेगळ्या कारणाने परतली आहे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा लागू झाला. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य विषय, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रीय प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग. लवचिकता हा धोरणाचा हेतू चांगला आहे. पण वीस वर्षे एकच विषय शिकवलेल्या शिक्षकाला सत्र सुरू होता होता नवा विषय हातात मिळतो, तेव्हा हेतू चांगला असूनही झोप उडते.

*मोबदला आणि न्याय.* फेब्रुवारी ते मे २०१३ या काळात राज्यातील प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. त्यातील ७१ दिवसांचे वेतन रोखले गेले आणि तो वाद वर्षानुवर्षे चालला. बहिष्कार योग्य होता की नाही, हा वेगळा विषय. आरोग्याच्या दृष्टीने लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, अन्याय झाल्याची भावना पगाराच्या आकड्यापेक्षा जास्त काळ मनात राहते.

आज ही जखम सर्वांत खोल आहे ती तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांमध्ये. नेट किंवा सेट झालेले, अनेकदा पीएच. डी. केलेले हे शिक्षक तासाच्या दराने शिकवतात. घेतलेल्या तासाचे मानधन मिळते. परीक्षेची तयारी, विद्यार्थ्याची समजूत आणि तासांमधला रिकामा वेळ यांचे काही नाही. सुट्टी लागली की उत्पन्न थांबते. त्यामुळे "दोन महिने सुट्टी" हे वाक्य त्यांच्यासाठी टोमणा नसून भीती असते. पुढच्या जूनमध्ये आपल्याला बोलावतील का, हे मार्चमध्ये माहीत नसते. अशी अनिश्चितता शरीरासाठी सततची धोक्याची घंटा असते.

*साथ.* दोन शिफ्टमध्ये चालणाऱ्या कॉलेजात सहकाऱ्यांची भेट जिन्यात होते. कायम आणि तासिकेवरचे यांच्यात स्टाफरूममध्येही न दिसणारी रेघ असते. प्रत्येक जण आपापली लोकल गाठायच्या घाईत.

लोकल हाही कामाचाच भाग धरला पाहिजे. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. मुंबईतल्या कॉलेजात शिकवणारा बदलापूरचा किंवा अंबरनाथचा शिक्षक रोजचे तीन-चार तास रुळांवर घालवतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे जीव गेले, तेव्हा या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात त्या दिवशी एक फोन झाला: "पोचलास का?" हा ताण कोणत्याही कार्यभाराच्या तक्त्यात मोजला जात नाही.

*मूल्ये.* शिकवायचे म्हणून या व्यवसायात आलेल्या माणसाचा दिवस जर शिकवल्याचा पुरावा तयार करण्यात जात असेल (फोटो, अहवाल, जिओटॅग, पोर्टलवरची नोंद), तर आतून काहीतरी विसंगत वाटू लागते. हा थकवा झोपेने जात नाही.

भावनांचे न दिसणारे काम

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशिल्ड यांनी १९८३ मध्ये 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. नोकरीचा भाग म्हणून चेहऱ्यावर ठरावीक भावना ठेवावी लागणे, हेही श्रमच. शिक्षक हे दिवसभर करतो.

उल्हासनगरच्या वर्गाची कल्पना करा. काही मुलांच्या घरी सिंधी, काहींच्या घरी मराठी किंवा हिंदी आणि पेपर इंग्रजीत. एक मुलगा सकाळी कॉलेज करून दुपारी जीन्सच्या कारखान्यात किंवा फर्निचरच्या दुकानात जातो. अंबरनाथच्या एमआयडीसीत वडिलांचे काम सुटलेले. घरातून कॉलेजपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी. अशी मुले मागच्या बाकावर झोपतात, फीची मुदत मागतात, कधी तास संपल्यावर थांबून रडतात. चांगला शिक्षक ते ऐकून घेतो आणि दहा मिनिटांनी पुढच्या वर्गात हसऱ्या चेहऱ्याने शिरतो.

हे दोन प्रकारे करता येते. एक, आत चीड आणि वर हसू, म्हणजे नुसता मुखवटा. दुसरा, समोरच्याची बाजू समजून घेऊन खरोखरच मनाचा सूर बदलणे. संशोधनात वारंवार दिसले आहे की मुखवट्याचा प्रकार माणसाला जास्त थकवतो. भावनिक बुद्धिमत्ता उपयोगी पडते ती नेमकी इथे.

भावनिक बुद्धिमत्ता: काय आहे आणि काय नाही

पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली आणि १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे ती घरोघरी पोहोचली. त्यात चार कौशल्ये येतात: स्वतःची आणि दुसऱ्याची भावना ओळखणे, विचार करताना तिचा उपयोग करणे, ती का आली हे समजणे आणि तिला योग्य वळण देणे.

एक उदाहरण घेऊ. चाचणीत कमी गुण मिळाले म्हणून पालक चढ्या आवाजात बोलत आहेत.

- *ओळख:* "माझे कान गरम झालेत. मला राग आलाय आणि थोडा अपमानही वाटतोय."
- *समज:* "हे माझ्यावर ओरडत आहेत, पण घाबरलेत मुलाच्या भविष्याला."
- *वळण:* "आपण बसून पेपर एकत्र पाहू. मात्र आवाज खाली ठेवून."

शेवटच्या वाक्यात समजूतदारपणा आहे आणि मर्यादाही आहे. भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे सगळे गिळून गोड बोलणे, हा मोठा गैरसमज आहे. 'नाही' नीट म्हणता येणे हा तिचाच भाग आहे.

अनेक देशांतील शिक्षकांवरच्या अभ्यासांत भावनिक बुद्धिमत्ता जास्त असलेल्यांमध्ये बर्नआउट कमी आढळला आहे. पण यातील बरेच अभ्यास एकदाच प्रश्नावली भरून घेऊन केलेले आहेत. त्यामुळे भावनिक कौशल्याने बर्नआउट टळला, की बर्नआउटमुळे माणसाचे भावनिक भान हरपले, हे त्यातून ठरवता येत नाही. दोन्ही खरे असण्याची शक्यता आहे. थकलेल्या माणसाकडे सहानुभूतीही कमी उरते, हे घरच्यांनी विशेष लक्षात ठेवावे.

उभारी: चिवटपणा नव्हे

'रेझिलिअन्स'चे भाषांतर अनेकदा 'सहनशक्ती' असे केले जाते. ते चुकीचे आहे. सहनशक्ती म्हणजे दाब सोसत राहणे. उभारी म्हणजे दाब गेल्यावर पुन्हा मूळपदावर येणे. दाब कधी गेलाच नाही, तर उभारी घ्यायला जागाच मिळत नाही.

दुसरी गोष्ट, उभारी एकट्याच्या मनात तयार होत नाही. हवाईमधील काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके अभ्यास केला. अत्यंत कठीण परिस्थितीत वाढूनही सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली. त्यांच्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे भरवशाचे किमान एक मोठे माणूस. प्राध्यापकालाही असे एक माणूस लागते. ते घरात असेल, स्टाफरूममध्ये असेल, नाहीतर रोजच्या डब्यातल्या ग्रुपमध्ये.

मग कार्यशाळांचा उपयोग आहे की नाही?

आहे, पण मर्यादित. ताण हाताळण्याचे प्रशिक्षण, ध्यान, विचार तपासण्याच्या पद्धती यांमुळे थोडा ते मध्यम फायदा होतो. मात्र परिस्थिती तशीच राहिली तर तो ओसरण्याचा धोका असतो. आम्हा डॉक्टरांमध्येही हाच प्रश्न आहे. डॉक्टरांच्या बर्नआउटवरील सुमारे वीस अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात व्यक्तीला प्रशिक्षण देणाऱ्या उपायांपेक्षा वेळापत्रक, कामाचा भार, टीमची रचना बदलणारे उपाय अधिक परिणामकारक ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनाही संस्थेतील बदल आणि वरिष्ठांचे प्रशिक्षण यांवर भर देतात.

म्हणून एक कसोटी लावावी. कार्यशाळेनंतर कॉलेजने एखादी समिती, एखादा अहवाल, एखादे रविवारचे काम कमी केले का? उत्तर 'हो' असेल तर ती कार्यशाळा उपचार आहे. उत्तर 'नाही' असेल आणि ती कार्यशाळाही रविवारीच झाली असेल, तर ती ओझ्यातली भर आहे.

कॉलेजांना मोठा खर्च न करता करता येण्याजोगे बरेच आहे: रात्री आठनंतर कामाचे संदेश न पाठवण्याचा नियम, तीच माहिती तीन नमुन्यांत न मागणे, नवा विषय देताना एका सत्राची पूर्वसूचना, तासिकेवरच्या शिक्षकांना मानधन दरमहा मिळेल यासाठी बिले वेळेत पाठवणे, आणि शिक्षकांसाठी गोपनीय समुपदेशन. रिक्त पदे भरणे मात्र शासनाच्याच हातात आहे. त्याची जागा कोणतेही प्राणायाम घेऊ शकत नाही.

बर्नआउट, नैराश्य की शारीरिक आजार?

हा भाग रुग्ण आणि कुटुंबीयांनी नीट वाचावा.

*बर्नआउटमध्ये* त्रास मुख्यतः कामाभोवती असतो. निदान सुरुवातीला तरी लग्नकार्यात, मुलांबरोबर, आवडत्या गाण्यात मन रमते.

*नैराश्यात* उदासी किंवा कशातच रस नसणे हे जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा अधिक टिकते आणि सगळ्या आयुष्यावर पसरते. भूक-झोप बिघडते, अपराधी वाटते, जगणे नकोसे वाटू शकते. दुर्लक्षित बर्नआउटपाठोपाठ नैराश्य येऊ शकते.

*शारीरिक कारणे* आधी तपासा. थायरॉइड कमी असणे, रक्तक्षय, मधुमेह, बी-१२ किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडकणे, रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल या सर्वांत 'बर्नआउटसारखा' थकवा येतो. मोठ्याने घोरत असाल आणि सकाळी डोके जड असेल तर ते जरूर सांगा. आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. 'शिक्षकांचा घसा बसतोच' म्हणून सोडून देऊ नका.

स्वतःसाठी काय कराल?

- भावनेला नाव द्या. दिवसातून दोनदा, म्हणजे कॉलेजात शिरताना आणि निघताना, स्वतःला विचारा: आत्ता काय वाटतेय? 'कसंतरी' हे उत्तर नाही. चीड, भीती, एकटेपणा, अपमान यांतला नेमका शब्द शोधा. नाव मिळाले की भावनेची धार कमी होते.
- दोन यादी करा. माझ्या हातात असलेले आणि नसलेले. विद्यापीठाचे वेळापत्रक दुसऱ्या यादीत. रात्रीचा फोन पहिल्या यादीत.
- लोकलमधला वेळ राखून ठेवा. परतीच्या गाडीत उत्तरपत्रिका नकोत. कल्याण गेले की कॉलेज संपले, अशी एक खूण ठरवून घ्या.
- झोप आणि चालणे. झोपेची वेळ ठरलेली, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणे. हे उपाय जुने आहेत, पण परिणाम खरा आहे.
- एक आनंदाचा तास. आठवड्यात किमान एक तास तुमच्या आवडीचा विषय, तुमच्या पद्धतीने शिकवा. उभारी तिथूनच येते.
- दारू, झोपेच्या गोळ्या, सततचा चहा यांवर विसंबू नका. झोपेची गोळी स्वतःहून घेऊ नका.

घरच्यांनी काय करावे?

"सगळ्यांनाच ताण असतो", "सोडून दे मग नोकरी", "तू मनावर फार घेतेस" ही वाक्ये टाळा. त्याऐवजी "आज काय जड गेलं?" एवढे विचारा आणि उपाय न सुचवता पाच मिनिटे ऐका. घरातली एखादी रोजची जबाबदारी प्रत्यक्ष उचला. कॉलेज, प्रवास, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास अशी चौथी शिफ्ट करणाऱ्या बाईला 'सेल्फ केअर'चा सल्ला देण्यापेक्षा कुकर लावून देणे जास्त उपयोगाचे. आणि घरातला माणूस तासिकेवर असेल, तर 'कायम कधी होणार' हा प्रश्न दर सणाला विचारू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- थकवा, चिडचिड किंवा झोपेचा त्रास दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला
- सुट्टीतही बरे वाटत नाही
- काम किंवा नाती बिघडू लागली
- छातीत धडधड, धाप, वाढता रक्तदाब
- नशेचे प्रमाण वाढले

लगेच मदत घ्या: छातीत दुखत असेल तर जवळचे रुग्णालय किंवा १०८. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. टेली-मानस १४४१६ वर फोन करा किंवा थेट रुग्णालयात न्या. सुरुवात तुमच्या फॅमिली डॉक्टरपासूनही करता येते. जवळच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार ओपीडीची चौकशी करा. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जाणे म्हणजे भरती होणे नव्हे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*बर्नआउटवर गोळी आहे का?*
नाही. सोबत नैराश्य किंवा चिंतेचा आजार असेल तर त्यावर औषधे आणि समुपदेशन दोन्ही प्रभावी आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नका.

*मोठी रजा घेतली तर बरे होईन का?*
रजेने आराम मिळतो. पण त्याच भाराकडे परतल्यास हा फायदा बहुधा काही आठवड्यांतच संपतो. परतताना निदान एक गोष्ट बदललेली असेल, असे प्राचार्यांशी आधी बोलून ठरवा.

*मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्याचे कॉलेजला कळेल का?*
मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कायद्याने सांगितलेले काही अपवाद वगळता ती तुमच्या संमतीशिवाय देता येत नाही.

*मी कमकुवत आहे म्हणून मला हे झाले का?*
नाही. बर्नआउट अनेकदा मन लावून काम करणाऱ्यांनाच गाठतो. सुरुवातीच्या मॅडमचे "मी चांगली शिक्षिका होते" हे वाक्य पुन्हा वाचा. ज्याला शिकवण्याची फिकीर नाही, त्याला हे वाक्य सुचतही नाही. तुमचा थकवा खरा आहे आणि त्यावर मदत उपलब्ध आहे. पुढच्या सत्राची वाट न पाहता ती या आठवड्यातच मागा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तो प्रत्यक्ष तपासणी आणि वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही.*